डाव्या हाताची गाठ

सदतीस वर्षांचा, बिनलग्नाचा, उसाच्या शेतीवर जगणारा गडी जपानला निघालाय हे आमच्या आष्ट्याच्या बाजारात कळलं, तेव्हा सात जणांनी मला एकच प्रश्न विचारला. "बायको आणायला चाललास काय रं?" आठव्यानं विचारलं नाही, कारण तो माझ्याच वयाचा आणि माझ्यासारखाच बिनलग्नाचा. तो हळूच एवढंच म्हणाला, "गड्या, जमलं तर दोन बघ."

जायचं होतं ते धाकट्या बहिणीकडं. मेहुणे तिथल्या एका कारखान्यात इंजिनिअर आहेत. लग्नानंतर पाच वर्षांत तीही तिथली भाषा शिकली आणि एका शाळेच्या स्वयंपाकघरात नोकरीला लागली. दरवर्षी ती मला बोलवायची आणि दरवर्षी मी ऊसतोडीचं कारण पुढं करायचो. यंदा तोड लवकर आली, ऊस जानेवारीतच कारखान्याला गेला आणि माझ्याकडं कारणच उरलं नाही. आई म्हणाली, "जा की रं. हितं बसून तरी काय दिवं लावतोयस?"

आता माझ्या दिव्यांविषयी थोडं सांगायला हवं. मी आजवर एकोणीस मुली बघितल्या. पहिल्या सहांना मीच नकार दिला. एक बुटकी वाटली, एक फार मोठ्यानं हसली, एकीच्या पोह्यांत मीठ जास्त होतं. ते पोहे तिच्या मावशीनं केले होते हे मला नंतर कळलं. तेव्हा मी अठ्ठावीसचा होतो आणि आरशात मला दुसराच कुणीतरी देखणा माणूस दिसायचा. उरलेल्या तेरा जणींनी मला नकार दिला. त्यातल्या एकीच्या वडिलांनी तर तोंडावर सांगितलं, कुपवाडला लेथवर काम करणारा चालेल, पण शेतकरी नको. तेरा विरुद्ध सहा असा तो सामना मी हरलो.

गावात सगळ्यांना माझी कीव यायची आणि ती मी मजेत घेत होतो. पण लग्न न होण्याचं खरं कारण वेगळंच होतं. ते फक्त मला आणि वाईतल्या एका बाईला माहीत होतं.

दोन वर्षांपूर्वी सांगलीला वधू-वर मेळावा होता. तिथं मी फॉर्म भरत होतो. 'अपेक्षा' या रकान्यात मी 'काही नाही' असं लिहिलं. शेजारी एक बाई तिच्या चुलतबहिणीचा फॉर्म भरत बसली होती. तिनं माझ्या कागदात डोकावून बघितलं आणि म्हणाली, "असं लिहू नका. वाचणाऱ्याला वाटतं, माणसात काहीतरी खोट आहे." मी म्हटलं, "आहेच की. शेती करतो." ती हसली. चांगली खळखळून, चार खुर्च्या पलीकडची माणसं वळून बघतील इतक्या मोठ्यानं हसली, आणि मला काडीचाही राग आला नाही.

ती वाईला शाळेत शिकवते. नवऱ्यापासून रीतसर वेगळी झालेली. पदरात एक मुलगी, आता सहा वर्षांची. महिन्यातून एकदा मी वाईला जायचो. घाटावर बसून आम्ही शेंगा खायचो आणि मुलगी पायऱ्या चढत-उतरत बसायची. अजून आम्ही एकमेकांना अहो-जाहो करतो. आईला मी सांगायचो, कृषी प्रदर्शनाला चाललोय. सातारा जिल्ह्यात खरोखर एवढी कृषी प्रदर्शनं भरली असती तर माझा ऊस एव्हाना ताडाएवढा व्हायला हवा होता.

आईला खरं सांगायची माझी छाती होत नव्हती. आमच्या गल्लीतल्या एकानं घटस्फोट झालेली मुलगी केली, तेव्हा आई भाकरी थापता थापता म्हणाली होती, "एवढी काय नड हुती म्हणायची?" बस्स, तेवढं एक वाक्य. त्याच्याआड मी दोन वर्षं लपून बसलो.

जपानला निघायच्या आधी घाटावर ती म्हणाली, "भावानं एक स्थळ आणलंय. कराडकडचे आहेत. फौजेतून रिटायर झालेत, बायको वारलीय. माणूस बरा वाटतो. शिवरात्रीच्या आत मला हो किंवा नाही सांगायचंय. तुम्ही त्याच्या आत आईंशी बोला. नाही जमलं तर तसं सांगा. मी रडणार नाही." शिवरात्र तीन आठवड्यांवर आली होती. मी म्हटलं, "बोलतो." आणि बोललो नाही, विमानात जाऊन बसलो. समोरचा गडी सीमेवर उभा राहिलेला, आणि इकडं आमची आईपुढं उभं राहायलाच पाचावर धारण बसलेली. तिच्या जागी मी असतो तर फौजीलाच मत दिलं असतं.

बहिणीला यातलं काही ठाऊक नव्हतं. तिच्या लेखी दादा म्हणजे मुलगी न मिळालेला बिचारा. मी पोचल्यावर चौथ्या दिवशी ती म्हणाली, "दादा, उद्या डोंगरातल्या एका गावाला जायचंय. भुताखेतांच्या गोष्टींचं गाव हाय. लय जुनं." मला वाटलं, बर्फ दाखवायला नेतेय.

आधी बुलेट ट्रेन, मग दोन डब्यांची एक गरीब गाडी. उतरलो तर गुडघाभर बर्फ. मी दोन स्वेटर, त्यावर मेहुण्यांचं जाकीट आणि डोक्याला माकडटोपी अशा अवतारात होतो. स्टेशनाबाहेर एका म्हाताऱ्या गृहस्थानं मला वाकून नमस्कार केला. मीही वाकलो, आणि वाकलेला तसाच पुढं सरकत जाऊन त्यांच्या पायाशी साष्टांग पडलो. त्यांना बिचाऱ्यांना वाटलं, भारतात अशीच पद्धत असेल. ते पुन्हा वाकले.

त्या गावाच्या नकाशावर आपण जिथं बँक आणि दवाखाना दाखवू, तिथं त्यांनी भुतं दाखवली होती. पहिलं भूत ओढ्यातलं. माकडाएवढा हिरवट प्राणी, आणि त्याच्या टाळूवर वाटीसारखा खळगा. त्या खळग्यात पाणी असतं. पाणी सांडलं की त्याची ताकद गेली. म्हणून तो दिसला की वाकून नमस्कार करायचा. तोही रीतीनं वाकतो, पाणी सांडतं आणि आपण सुटतो. मला त्याचं फार कौतुक वाटलं. आमच्याकडं विहिरीत आसरा, म्हणजे पाण्यातल्या बाया, असतात, पण त्यांना नमस्कार करून भागत नाही, ओटी भरावी लागते.

त्या भुताला काकडी आवडते. त्याला पकडायचा परवानासुद्धा मिळतो. रीतसर छापील, मागं नियम दिलेले. जिवंत पकडावा, जखम करू नये, डोक्यावरचं पाणी सांडू देऊ नये. बहिणीनं हौसेनं माझ्या नावाचा परवाना काढला. ओढ्याकाठी बांबूच्या काठीला दोरीनं काकडी बांधून ठेवलेली होती. ती काठी धरून मी अर्धा तास बर्फात उभा राहिलो. नेहमीप्रमाणे माझ्याकडं कुणी आलं नाही. बहीण म्हणाली, "दादा, पोरगी बघायला गेल्यासारखं तोंड नको करूस. ते भूत पण पळून जाईल."

दुपारी आम्ही एका जुन्या घरात गोष्ट ऐकायला गेलो. मध्ये जमिनीतच चौकोनी शेकोटी, वर टांगलेली किटली, आणि पलीकडं ऐंशीच्या पुढची एक आजी गुडघे मुडपून बसलेली. ती गोष्टी सांगण्यासाठीच तिथं येते. तिचं बोलणं ऐकून बहीण पहिल्यांदा गोंधळली आणि मग खूश झाली. "आपल्यासारखंच हाय रे हिचं! शब्दांचं शेंडं खाती. शहरातली माणसं नावं ठेवत असतील हिला."

आजीनं सांगितलेली गोष्ट अशी. एका शेतकऱ्याच्या मुलीचा घरच्या घोड्यावर जीव जडला. तासन्‌तास ती तबेल्यातच. शेवटी तिनं घोड्याशी लग्न केलं. बापाला कळलं तेव्हा त्यानं घोड्याला तुतीच्या झाडाला टांगून मारलं. मुलगी घोड्याच्या गळ्याला मिठी मारून रडत राहिली. बापानं चिडून घोड्याच्या मानेवर कुऱ्हाड घातली, तशी ती त्या मुंडक्यासकट आभाळात निघून गेली. त्या दोघांचे तिथं देव झालेत, घराघरांत पुजतात.

बहिणीनं डोळे पुसले. मी म्हटलं, "बघ. घोड्याला पण मिळाली."

बहिणीला हसू आवरेना. आजीनं हट्ट धरला, पाहुणा काय म्हणाला ते मला सांग. बहिणीनं सांगितलं. आजी हसली, मग तिनं माझ्याकडं बारीक डोळे करून बघितलं आणि काहीतरी विचारलं. 'अजून लग्न का नाही?' हा प्रश्न मला भाषा न येताही कळला. एकोणीस घरांत तो मी ऐकलेला आहे.

मग आजीनं बहिणीला सविस्तर काही सांगितलं, हातवारे करून. गावाबाहेर एक लहान देऊळ आहे, लग्न जुळवणारं. लाल कापडाची पट्टी घ्यायची, ज्याच्याशी लग्न व्हावं त्या माणसाचं नाव तिच्यावर लिहायचं आणि देवळाच्या कठड्याला बांधायची. पण गाठ फक्त डाव्या हातानं मारायची. उजवा हात लावला की देव ऐकत नाही. बहीण हे सगळं मला सांगत असताना तिचं तोंड इतकं साळसूद होतं की माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. "तुला हे आधीच म्हाईत हुतं!" ती म्हणाली, "आईनं फोनवर सांगितलं हुतं, तिकडं लग्नाचा कुठला देव असला तर घिऊन जा त्येला. इकडचं सगळं करून झालंय." म्हणजे दोघींनी मिळून हे शिजवलं होतं, आणि मी काकडी धरून भूत पकडत होतो.

उंच झाडांच्या खाली ते देऊळ. आमच्या शेतातल्या मोटारीच्या खोलीएवढंच. पण सगळा कठडा लाल पट्ट्यांनी भरलेला, आणि त्यावर पांढरा बर्फ. तिथं दुसरं कुणी नव्हतं. बहिणीनं मला पट्टी आणि पेन दिलं. मी पट्टी गुडघ्यावर धरून लिहिलं, 'चांगली बायको मिळू दे.' मग पुढं झालो. देवळापुढं गेलो की पाय आपोआप वहाणा काढतात, तसे मी बूट काढले आणि बर्फात नुसत्या मोज्यांवर उभा राहिलो. दोन्ही हातांनी झकास गाठ मारली, उजव्यानं ओढून घट्ट केली, कपाळाला हात लावला आणि वळलो. बहीण कपाळावर हात मारून उभी होती.

"दादा! डावा हात म्हणाले हुते की न्हाई?"

आता सांगा, आमच्या घरात प्रसादाला डावा हात पुढं केला म्हणून लहानपणी मी पाठीत धपाटे खाल्लेत. देवाचं काम डाव्या हातानं करायचं हे माझ्या हाताला कसं कळणार? पण नियम तो नियम. गारठलेल्या बोटांनी मी ती गाठ सोडवत बसलो. सुटली तेव्हा पट्टी बहिणीच्या हातात गेली आणि तिनं ती वाचली.

"ह्यात नाव कुठाय?"

"नाव असतं तर हितं कशाला कडमडलो असतो?" मी म्हणालो. किती सहज खोटं बोललो! दोन वर्षांची सवय होती.

"नावाशिवाय चालत न्हाई म्हणाली आजी. देवानं काय अंदाजे द्यायची काय बायको? आवडलेलं कुणी असंल की, कवातरी बघितलेलं. कुणाचं पण लिही."

तिनं दुसरी पट्टी माझ्या हातात दिली आणि अंगात ऊब यावी म्हणून ती झाडाखाली येरझाऱ्या घालू लागली. मी पट्टीकडं बघत राहिलो. कुणाचं पण लिही, म्हणे. पण कुणाचं पण नाव माझ्या हातून लिहिलं जाईना. आष्ट्यापासून हजारो मैलांवर, मोजे भिजलेले, आजूबाजूला मराठी वाचणारं एकच माणूस आणि तेही पाठमोरं. माझ्यासारख्या भित्र्याला यापेक्षा सुरक्षित जागा मिळाली नसती. मी तिचं नाव लिहिलं. आडनावासकट लिहिलं, देवाचा घोटाळा नको.

मग सुरू झाली ती डावी गाठ. बूट घातले, उजवा हात खिशात कोंबला आणि डाव्या हातानं ती पट्टी कठड्याभोवती गुंडाळायला लागलो. माझा डावा हात आजवर फक्त पाण्याचा तांब्या आणि मोटरसायकलचा क्लच यांच्या कामाचा. एक टोक धरलं की दुसरं सुटायचं. दातात धरलं तर बहीण तिकडून ओरडली, "दात चालतात का ते विचारलं न्हाई मी!" दोनदा पट्टी बर्फात पडली. मी देवाला, बर्फाला आणि आजीला, तिघांनाही अस्सल आष्ट्याच्या शिव्या दिल्या. पण सोडून द्यावंसं एकदाही वाटलं नाही, हे खरं. शेवटी वीस मिनिटांनी कशीबशी एक गाठ बसली, आणि मला भरून आलं. स्वतःच्या लग्नासाठी मी केलेलं हे पहिलंच काम होतं.

बहीण येऊन पट्टीपुढं वाकली. तिनं नाव वाचलं. "ही कोण?"

मी सगळं सांगितलं. घाट, शेंगा, मुलगी, कृषी प्रदर्शनं, फौजी, शिवरात्र. सांगून झाल्यावर बहीण म्हणाली, "आणि मी खुळी दोन वर्षं तुझ्यासाठी उपास धरतीया." मग ती तोंड फिरवून चालायला लागली आणि थोड्या अंतरावर जाऊन थांबली.

मला मात्र फार हलकं वाटत होतं. आपण काहीतरी थोर केलंय अशा तोऱ्यात मी त्या पट्टीचा फोटो काढला आणि वाईला पाठवला. खाली लिहिलं, 'डाव्या हातानं बांधली आहे.' तिकडं शाळेची मधली सुट्टी असावी. उत्तर लगेच आलं.

'देवाला सांगितलंत, छान केलंत. आता आईंना सांगायला कुठल्या देशात जाणार?'

मी ते तीनदा वाचलं. हसायला येईल म्हणून वाट बघितली, पण आलं नाही. कुणी तोंडात मारल्यासारखं झालं. इतकी लांबची मजल मारून मी जे केलं होतं, ते इथं कुणालाही वाचता न येणाऱ्या कापडावर केलं होतं. मी तिथंच उभ्यानं आईला फोन लावला. विचार करत बसलो असतो तर पुन्हा लावला नसता.

"काय रं? थंडी वाजतीया काय? मफलर घे म्हणलं हुतं तुला."

"आई, मला एक सांगायचंय." आणि मी एका दमात सांगून टाकलं. वाईची आहे, शाळेत शिकवते, नवऱ्यापासून वेगळी झालीय, एक मुलगी आहे, मला तिच्याशीच लग्न करायचंय.

पलीकडं कुठंतरी पिठाची गिरणी चालू होती.

"कवापास्नं?" आईनं विचारलं.

"दोन वर्षं झाली."

"आन ती अजून थांबलीया?"

"शिवरात्रीपतूर थांबणार हाय. दुसरं स्थळ आलंय तिला."

"पोर केवढी हाय तिची?"

"सहाची."

"म्हंजी चाराची हुती तवापास्नं ती पोर तुला बघतीया." आईचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर मला बरं वाटलं असतं. मी म्हटलं, "आई, गल्लीतल्या त्यानं घटस्फोट झालेली केली तवा तू बोलली हुतीस, म्हणून मला वाटलं..."

"बोलले असंन. दिवसात शंभर गोष्टी बोलती मी. शेण भरायला चल म्हणलेलं कवा तुझ्या ध्यानात ऱ्हात न्हाई, हे बरं ऱ्हायलं."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"हे बघ," आई म्हणाली, "मला काय हे लगीच पटलं न्हाई. पटंल का न्हाई ते बी आज सांगत न्हाई. पर माझ्या पोराला कुणी पोरगी देईना म्हणून जो भेटंल त्येच्याफुडं मी रडतीया, पोरींच्या बापास्नी शिव्या घालतीया. आन हिकडं तू एका बाईला लेकरासकट दोन वर्सं घाटावर बसवून ठिवलंस. माझं नाव फुडं करून. मी असते तिच्या जागी, तर न्हाई थांबले."

मला वाटत होतं, आई तिला नाकारील. आईनं मला नाकारलं होतं. आणि आजवरच्या सगळ्या नकारांत हा एकच मला पुरता पटला.

"नंबर दे तिचा," आई म्हणाली.

"कशाला?"

"मी बोलती तिच्यासंगं. तुझं तू आल्यावर बघू."

मी नंबर सांगितला. आईनं तो दोनदा म्हणून घेतला आणि फोन ठेवला. जेवलास का, हे तिनं कधी नव्हे ते विचारलं नाही.